गडग्याआतलं रान

चांदी म्हातारी होऊन गेली आणि चिमाच्या घरामागचं कुरण रिकामं पडलं. चांदी ही तिची शेवटची म्हैस. ती होती तोवर सकाळ-संध्याकाळ कुरणाच्या वाटेवरचं बांबूंचं बेडं उघडायचं आणि लावायचं, एवढं तरी काम हाताला होतं. आता बेड्याचे आडवे बांबू दिवसचे दिवस तसेच राहायचे आणि त्यांच्यावर चतुर येऊन बसायचे.

घराच्या वरच्या अंगाला चढत गेलेली गवताची जमीन, चारी बाजूंनी जांभ्या दगडाचा गडगा, आणि आत सावलीला म्हणून एक झाड नाही, असं ते कुरण होतं. सासऱ्यांच्याही आधीपासून दर हिवाळ्यात तिथलं गवत मुळापर्यंत कापायचं आणि शिमग्याच्या आधी उरलेलं पेटवून द्यायचं, म्हणजे पुढच्या पावसात नवं गवत जोमानं येतं. चिमानंही तेच केलं होतं. सावर्ड्यापासून आत असलेल्या त्या वाडीत सगळेच तसं करत.

त्याच वर्षी तिचा नवरा गंगाराम मुंबईहून कायमचा घरी आला. फोर्टातल्या एका जुन्या कचेरीच्या इमारतीत तो लिफ्ट चालवायचा. लग्न झाल्यापासून गणपती, शिमगा आणि मे महिन्यातली थोडी रजा, एवढाच त्यांचा एकत्र संसार. मधल्या काळात चिमानं सासू-सासऱ्यांचं केलं, भात लावलं, मुलाला वाढवलं. तो मुलगा, निलेश, आता नालासोपाऱ्याला बायकोबरोबर राहत होता. आणि घरात उरलेली ही दोन माणसं एकमेकांशी पाहुण्यासारखी वागत होती.

चहाचा कप हातात दिला की गंगाराम "थँक्यू" म्हणायचा. त्यावर काय म्हणायचं ते चिमाला कळायचं नाही, मग ती पदरानं उगाच कपाळ पुसायची. दोघं एकदम दाराशी आली की तो बाजूला व्हायचा आणि ती आत जाईपर्यंत दार धरून उभा राहायचा. आमटीत मीठ कमी पडलं तरी सांगायचा नाही. तिला तरी कुठं ठाऊक होतं त्याला मीठ किती लागतं? इतक्या वर्षांनी नवऱ्याला हे विचारायचं म्हणजे लाजच वाटायची.

महिना-दीड महिना असा गेला. गंगाराम एसटीनं सावर्ड्याला जायचा, बाजारात फेरी मारून परत यायचा. एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "निलेश म्हणतोय, तिकडेच येऊन राहा."

"जावा की," चिमा म्हणाली. मग तिनं एकच टोप कितीतरी वेळ घासला.

आषाढातली गोष्ट. दुपारी पाऊस थांबून ऊन आलं होतं, अंगणातून वाफ निघत होती. चिमा पडवीत भिंतीला टेकून बसली होती, तिचा डोळा लागला. स्वप्नात ती चांदीला आणायला कुरणात निघाली होती. बेडं उघडलं, आत पाऊल टाकलं, तर पायाखाली गवत नव्हतंच. पाला होता, ओला आणि जाड. वर बघितलं तर आभाळ दिसेना. झाडांच्या मधून हिरवा उजेड खाली येत होता आणि तो उजेडसुद्धा ओला वाटत होता. पुढं कुठंतरी चांदीच्या गळ्यातली घंटा वाजत होती. ती आवाजाच्या मागून चालत राहिली. घाई नव्हती. म्हैस सापडली नाही तरी चालेल असं तिला वाटत होतं.

जाग आली तेव्हा गंगाराम समोर पेपर वाचत बसला होता. झोपेतच असल्यासारखी चिमा बोलून गेली, "आपल्या कुरणात रान झालंय."

त्यानं पेपर खाली केला. "काय?"

"सपान पडलं वो. चांदीला बगायला गेलंव तर आत सगळं रान. गार गार."

आता तो हसेल असं तिला वाटलं. पण त्यानं चष्मा काढला आणि विचारलं, "झाडं कसली होती?"

चिमा सावरून बसली. असलं काही त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. "कुंभा होता," ती आठवून म्हणाली. "जांभळी होत्या. बाकीची वळखली नाय. उंच होती."

दुसऱ्या दिवशी तो सावर्ड्याहून परतला तो दोन पिशव्या भरून रोपं घेऊन. अंगणात त्यानं ती ओळीनं मांडली. गुलमोहर, एक शोभेचा माड, लाल पानांची कसली तरी कुंडीतली झाडं. चिमा बघत राहिली आणि मग जोरात हसली. तोंडाला पदर लावायचंही तिला सुचलं नाही.

"काय झालं?"

"ह्यांतलं एक पण नव्हतं तिथं!"

गंगारामही हसला. लिफ्टमधल्या साहेबांसमोर हसायचा तसं तोंड मिटून नव्हे, दात दाखवून. मग तो म्हणाला, "तर मग दाखव, तुझ्या रानातली कुठं मिळतात."

तेव्हापासून दोघं सकाळी पऱ्याच्या काठानं हिंडू लागली. त्या ओढ्यातून पाणी खळाळत असायचं, दोन्ही काठांना जुन्या झाडांखाली बोटभर उंचीची पिल्लं उगवलेली असायची. जांभळीची, रातांब्याची, बेहड्याची. चिमा विळ्याच्या टोकानं मातीसकट ती उचलायची, गंगाराम सुपात ठेवायचा. कुंभ्याचं पिल्लू मात्र काही केल्या सापडेना. कुरणात नेऊन लावताना त्यानं पहिल्यांदा सुतळी धरून सरळ रांग आखली. चिमानं ती सुतळी गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"रान काय असं रांगेत उभं ऱ्हातं काय?"

"मग कुठं लावू?"

ती डोळे मिटून बेड्यापाशी उभी राहिली आणि स्वप्नात चालली होती तशी चालू लागली. "हितनं आत शिरलंव. हितं वळलंव. हितं काट्यात पदर अडकला." तो मागून येत होता. जिथं पदर अडकला तिथं त्यानं करवंदीची जाळी लावली.

दुपारचं जेवण झालं, चिमानं डोळे मिटून उघडले, की तो विचारायचा, "आज काय बघितलंस?" लिफ्टमध्ये जन्मभर तो 'कितवा मजला?' असं विचारत आला होता. त्याच सुरात, मान जरा कलती करून. आणि ती सांगायची. कारण खरंच पुन्हा पुन्हा स्वप्न पडत होतं. कधी रानात पाण्याचं डबकं असायचं आणि त्यावर पांढरी फुलपाखरं. कधी नुसता एक वठलेला सोट आणि त्याच्या भोकातून बघणारा पक्षी. गंगारामनं मग उतारावर खळगा खणला, त्यात पाणी साठलं. पऱ्यात पडलेला एक वठलेला ओंडका दोघांनी ओढत आणून कुरणात उभा केला. वाडीतली माणसं जाता-येता थांबून बघायची. मेलेलं झाड कोण लावतं?

नालासोपाऱ्याचं नाव गंगारामनं काढलं नाही. मुंबईहून आणलेली बॅग कोपऱ्यात तशीच होती, तिच्यावर मांजर झोपू लागलं.

गणपती झाले, पाऊस ओसरला आणि चिमाची स्वप्नं थांबली. झोप लागायची, पण आत काही दिसायचं नाही. पहिल्या दिवशी तो "आज काय बघितलंस?" म्हणाला. आता काही नाही म्हटलं तर उद्या तो विचारणार नाही, असं तिला वाटलं. तिनं रचून सांगितलं. एक मुंगसाचं जोडपं झाडाखालून गेलं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी.

पण रचायला तरी रोज कुठून आणायचं? हळूहळू त्या रानात तिच्या स्वतःच्याच गोष्टी शिरू लागल्या. सासूबाई झाडाखाली बसून तांदूळ निवडताना दिसल्या आणि मग सासूबाई शेवटी शेवटी तिलाच आई म्हणू लागल्या होत्या, तेही सांगून झालं. एक दिवस ती म्हणाली, "आज रानात वादळ होतं. मी एका ढोलीत बसलंव होतंव, निलेश पोटाशी. लहान होता. वर छप्पर नव्हतं, कौलं उडालेली. अंगाला म्हशीच्या पोटाची ऊब लागत होती, तेवढीच. रातभर बसलंव तशीच."

गंगारामनं चष्मा काढून ठेवला. मग त्यानं विचारलं, "मी कुठं होतो?"

"तुमी नव्हता."

तो उठला, कुदळ घेतली आणि कुरणात गेला. उजेड होता तोवर खड्डे खणत राहिला. ती चहा घेऊन गेली. कप घेताना तो थँक्यू म्हणाला नाही, नुसता तिच्या हाताकडे बघत राहिला.

दिवाळीनंतर शेजारचा बाबल्या विळा घेऊन आला. वाडीत आता म्हशी त्याच्याकडेच होत्या आणि चांदी गेल्यापासून कुरणातलं गवत आपल्याला मिळणार असं तो धरून चालला होता.

"बाबल्या, कापायचं नाही यंदा," गंगाराम म्हणाला. "आत रोपं आहेत."

"काका, मुंबईत ऱ्हावून तुमाला काय कळनार? रान हाय की चौबाजूंनी. आनिक हितं कशाला? माझ्या म्हशींनी काय खायाचं?"

तो रागावलाच होता. चिमा मध्ये पडली. रोपांच्या भोवतालचं गवत तसंही मोकळं करायचंच होतं. तेवढं बाबल्यानं हातानं कापावं, जपून, आणि न्यावं. पण शिमग्याआधी पेटवायचं नाही. बाबल्या पुटपुटत तयार झाला. गवत कापताना त्याला मुळाशी जाड जाड खुंट लागत होते, विळा अडत होता. "कुठल्याबी कुरनात ह्ये खुंट मधे येतात," तो कुरकुरला आणि कडेकडेनं कापून गेला.

आग लागली ती शिमगा झाल्यावर, भर दुपारी. वरच्या बागेत कुणीतरी पाला जाळत होतं, वारा फिरला आणि ठिणगी गडगा ओलांडून आत आली. उरलेलं गवत वाळून कुरकुरीत झालं होतं. चिमा धावली तोवर आग उतारावरून खाली येत होती, आवाज करत. गंगारामनं अंगातला सदरा काढून त्यानंच झोडपायला सुरुवात केली. बाबल्या हिरवे टहाळे घेऊन गडग्यावरून उडी मारून आला आणि त्याच्या बाजूला उभा राहून टहाळे आपटू लागला. आग घराकडे आली नाही. पण ती विझली तेव्हा कुरण काळं झालं होतं. सुपातून आणलेली पिल्लं होती तिथं काड्यासुद्धा उरल्या नव्हत्या. ओंडका धुमसत होता.

गंगाराम गडग्यावर बसून राहिला. दोन दिवस तो नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मांजराला उचलून खाली ठेवलं, बॅग झटकली आणि म्हणाला, "थोडे दिवस निलेशकडे जाऊन येतो."

"जावा," चिमा म्हणाली. या वेळी घासायला टोपही नव्हता.

घर एकदम मोठं झालं. चैत्राच्या दुपारी भयंकर शांत असतात, कौलं तापून तडतडतात तेवढाच आवाज. अशाच एका दुपारी फोन वाजला.

"जेवलीस?" गंगाराम म्हणाला.

"जेवलंव."

त्याच्या मागून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. फोन ठेवील असं तिला वाटलं, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "आज काय बघितलंस?"

चिमाच्या तोंडात एकही खोटा शब्द येईना. "थांबा," ती म्हणाली आणि फोन कानाला तसाच धरून मागच्या दारानं बाहेर पडली. आपण का जातोय ते तिला नीट ठाऊक नव्हतं. आगीनंतर ती तिथं गेलीच नव्हती. बेडं जळालं होतं, ती दगडांवरून आत गेली. राख चपलेखाली मऊ लागत होती.

आणि राखेतून पानं वर आली होती. जिथं तिथं. बाबल्याच्या विळ्याला अडणारे ते खुंट, काळे पडलेले, आणि त्यांच्या बुंध्यापासून तांबूस कोवळे कोंब, काही वीतभर, काही हातभर. पानांवर ऊन पडून ती आतून पेटल्यासारखी लाल दिसत होती. ती वाकली. पान बोटांत धरलं. कुंभा. बाजूला ऐन. पलीकडे किंजळ. त्यांनी यांतलं काहीच लावलं नव्हतं. ती सगळी आधीपासून इथंच होती. तिनं आणि सासऱ्यांनी आणि त्यांच्याही आधीच्यांनी दरसाल ती कापली होती, जाळली होती, आणि दरसाल ती खाली वाट बघत राहिली होती.

"चिमा? आहेस का?"

"हाय," ती म्हणाली. "फुटलंय वो सगळं. खुंटांना पानं आलीत. कुंभा हाय. धा-बारा जागी हाय."

"स्वप्नात?"

"नाय. आता. मी उभी हाय तिथं."

तो दोन दिवसांनी आला. बॅग अंगणातच ठेवून कुरणात गेला. चिमा मागून गेली. तो प्रत्येक खुंटापाशी उकिडवा बसत होता, पानांना हात न लावता बघत होता.

"तुमाला एक सांगायचं हाय," ती म्हणाली. "ती सगळी सपनं काय खरी नव्हती. गणपतीपासनं मी मनानंच..."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"स्वप्नात माणसं एवढं सुसूत्र बोलत नाहीत," तो म्हणाला. "आणि आधी सांगताना तू डोळे मिटायचीस, गणपतीनंतर ते उघडे असायचे."

"मग इचारत कशाला होता रोज?"

गंगारामनं थोडा विचार केला. "लिफ्टमध्ये माणसं बोलतात ना, ती दोन-तीन मजल्यांपुरती. दार उघडलं की गेली. पुढं काय झालं, ते कधी कळतच नाही." तो उठला, गुडघे झटकले. "तुझ्या गोष्टी पुऱ्या व्हायच्या."

त्यानंतर स्वप्नाचं निमित्त कुणाला लागलं नाही. दुपारी दोघं बोलत बसायची. कधी तोही सांगायचा, मुंबईतल्या खोलीतलं, आजारपणातलं, तिनं न ऐकलेलं.

कुरणाला त्यांनी मग फारसं काही केलंच नाही. दरसाल हिवाळा आला की गडग्याच्या कडेनं रुंद पट्टा साफ करायचा, आग आत येऊ नये म्हणून. ते गवत बाबल्या नेई. बाकी आत काय व्हायचं ते होऊ दिलं. ऐन-किंजळ पहिल्याच पावसात कमरेइतके झाले, दुसऱ्या वर्षी डोक्यावर गेले. करवंदीची जाळी मुळापासून पुन्हा फुटली. पाखरं येऊ लागली आणि त्यांच्या शिटेतून दोघांनी कधी आणली नव्हती ती झाडं उगवू लागली. एका सकाळी वाटेवर कांडेचोराची, म्हणजे उदमांजराची, विष्ठा सापडली, तीत सगळ्या भेरली माडाच्या बिया. गंगारामनं ती काडीनं मातीत सारली. खालच्या डबक्यात बेडूक आले, मग बेडकांसाठी साप. निलेश आणि त्याची बायको मे महिन्यात आली तेव्हा सून साप आहेत म्हणून आत जायला तयार होईना. मग एका दुपारी चिमाच्या मागून भीत भीत शिरली आणि दिवेलागणीपर्यंत बाहेरच आली नाही.

पाचव्या-सहाव्या वर्षी आत आभाळ दिसेनासं झालं. घरावरची कौलं तापलेली असताना तिथं गार असायचं. फांद्यांतून उजेड ठिपक्याठिपक्यांनी खाली यायचा, वारा सुटला की ते ठिपके जमिनीवरून पळायचे आणि चिमाला वाटायचं आपण पाण्याखाली बसलोय. संध्याकाळी धनेशाची जोडी यायची. आधी पंखांची घरघर ऐकू यायची, मग अवजड चोच दिसायची. गंगारामला त्या पक्ष्याचा तो घरघराट फार आवडायचा. तो आला की बोलता बोलता थांबायचा.

यंदा दसऱ्याच्या सुमाराला चिमा एकटीच आत गेली होती. सुक्या काटक्या गोळा करायच्या म्हणून ती वरच्या कोपऱ्यात, जिथं किंजळीच्या खालची झुडपं अगदी दाट झालीत, तिथवर गेली आणि पाला हलला. ती जागच्या जागी थांबली. दोन हातांच्या अंतरावर एक भेकर उभं होतं. मान वळवून तिच्याकडे बघत. ते पळालं नाही. पुढचा एक पाय त्यानं उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. त्याच्या मागं पाल्यात काहीतरी तांबूस होतं, पांढरे ठिपके असलेलं, मुटकुळं करून पडलेलं. ओलं. इतकं नवं की कान अजून चिकटलेले होते.

चिमानं श्वास धरला. तोंड न वळवता, मागं मागं पावलं टाकत ती उताराखाली आली. बाहेर आल्यावर तिला कळलं आपल्या डोळ्यांतून पाणी येतंय. तिनं गंगारामला हाताला धरून बाजूला नेलं आणि अगदी कानाशी लागून सांगितलं.

त्यानं विचारलं नाही खरं की खोटं. तो गेला आणि नव्या बेड्याचे सगळे बांबू एकेक करून आडवे सरकवले. वर सुंभानं गाठ मारली. काही आठवडे दोघांपैकी कुणीच आत गेलं नाही. काटक्या पऱ्यावरून आणल्या. संध्याकाळी दोघं गडग्याच्या बाहेरून, पायवाटेनं, हळूहळू एक फेरी मारायची आणि कोपऱ्याशी आली की बोलणं बंद करायची.

बाबल्या एकदा म्हशींना हाक मारत चालला होता, नेहमीसारखा मोठ्यानं. बेडं बांधलेलं बघून तो थांबला.

"काय गो काकी, कुरन बंद केलंस? कोन हाय आत?"

"हळू बोल जरा," चिमा म्हणाली. "आत बाळंतीण हाय."

बाबल्यानं गडग्याकडे बघितलं, झाडांकडे बघितलं. मग पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि म्हशींच्या मागून पाय न वाजवता निघून गेला.